देवकापसाच्या पापण्या

शकुनच्या पापण्या गेल्या तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. त्याआधी त्या इतक्या लांब होत्या, की तिनं डोळे मिटले की समोरच्या माणसाला वारा लागायचा, असं तिची आई सांगायची. आई जरा वाढवून सांगायची हे कबूल. पण बार्शीटाकळीच्या बस स्टँडवरच्या रसवंतीवाल्यानं भर उन्हाळ्यात तिला गिऱ्हाइकांसमोर बसून नुसती उघडझाप करायचे आठ आणे रोज देऊ केले होते, ही गोष्ट गावात आजही कोणी खोटी म्हणत नाही.

मग चाई लागली. चाई बहुतेकांच्या डोक्यातली नाहीतर दाढीतली रुपयाएवढी जागा साफ करते आणि निघून जाते. शकुनच्या डोक्याला तिनं हात लावला नाही. तिनं नेमक्या पापण्या धरल्या. पहिल्या आठवड्यात वरच्या गेल्या, दुसऱ्यात खालच्या, तिसऱ्यात भुवयाही निम्म्या. अकोल्याच्या डॉक्टरनं मलम दिलं, हिवरखेडच्या एका म्हाताऱ्यानं लेप दिला. त्या लेपानं हाताच्या बोटांवर म्हणे केस आले. पापण्या काही आल्या नाहीत.

बिनपापण्यांच्या डोळ्यात वाईट असं काही दिसत नाही, आणि तीच खरी अडचण. पाहणाऱ्याला कळत नाही काय चुकतंय. तो फक्त नजर काढून घेतो आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागतो. सतरा स्थळं आली. सतराही जणांना शकुनच्या घरच्या कॅलेंडरमधल्या तिथ्या पाठ झाल्या. प्रत्येकजण जाताना "कळवतो" म्हणाला. अठरावं येण्याआधी शकुननं काळा गॉगल घेतला आणि शिलाई मशीन घेतलं.

ब्लाऊज शिवण्याचा धंदा तिच्यासाठीच निघाला असावा. माप देताना बाई आरशात स्वतःला बघते, शिवणारीकडे नाही. बावीस वर्षांत शकुननं गावातल्या सगळ्या पाठी ओळखल्या, चेहरे मात्र थोडेच. चार वर्षांपूर्वी आई गेली आणि घर इतकं गप्प झालं, की संध्याकाळी ती दोरा न ओवता मशीन चालवत बसायची. शेजारणीला वाटायचं, लग्नसराईचं काम आलंय. पण ही गोष्ट घडली त्या वर्षी कसली लग्नसराई! गुलाबी बोंडअळीनं कापसाच्या बोंडाबोंडात घर केलं होतं, लोकांनी लग्नं पुढच्या साली ढकलली होती, आणि पुढच्या सालाचा भरवसा कोणीच देत नव्हतं.

अशा वर्षी अमरावतीला शकुनच्या घरच्या महानुभाव पंथातल्या लोकांचा वधू-वर मेळावा भरला. शेती असलेल्या मुलांची रांग मंगल कार्यालयाच्या फाटकाबाहेर गेली होती आणि मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शकुन तिथे तीन बायकांचे ब्लाऊज पोचवायला गेली होती. कोणीतरी हात धरून तिलाही रांगेत बसवलं. शेजारी रामराव बसले होते. चांदूर बाजारच्या एका शाळेत लिपिक, वय अठ्ठेचाळीस, बायको जाऊन चार वर्षं झालेली.

"गॉगल घातलाय, ऊन लागतं का?" त्यांनी विचारलं.

"ऑपरेशन झालं डोळ्यांचं," शकुन म्हणाली. कशी म्हणाली तिचं तिला कळलं नाही. खोटं बोलायची तिला सवय नव्हती. असती तर जरा बरं खोटं सुचलं असतं.

"मोतीबिंदू? एवढ्या लवकर?"

"हाव."

रामरावांनी मान हलवली आणि तिचा नंबर घेतला. त्यानंतर दर गुरुवारी संध्याकाळी सात वाजता त्यांचा फोन यायचा. पहिला प्रश्न ठरलेला: "थेंब टाकले का डोळ्यांत?" आई गेल्यापासून शकुनला कोणी, तू अमुक केलंस का, असं विचारलं नव्हतं. ती "टाकले" म्हणायची. दोन गुरुवार म्हटल्यावर तिला ते सोसेना, म्हणून तिनं गुलाबपाण्याची बाटली आणली आणि फोन यायच्या आधी खरोखरच डोळ्यांत थेंब टाकायला लागली. तेवढा एक शब्द तरी खरा झाला.

नवव्या गुरुवारी रामराव म्हणाले, "आता दोन महिने झाले. गॉगल निघाला असेल. येत्या रविवारी नाही, पुढच्या रविवारी येतो मी. उघड्या डोळ्यांनी बोलू. तुमचं पटलं, माझं पटलं, तर दिवाळीनंतर उरकून टाकू."

फोन ठेवला आणि शकुननं मशीनला हात लावला नाही. हातात दहा दिवस होते. तिला त्या माणसाबरोबर राहायचं होतं. एवढं साधं वाक्य तिनं बावीस वर्षांत मनातसुद्धा म्हटलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती अकोल्याला रईसाबीकडे गेली. रईसाबीचं पार्लर बांगड्यांच्या दुकानामागे, एका खोलीचं. पण अकोल्यात रईसाबीनं कोरलेल्या भुवया एकीपुढे एक मांडल्या तर मूर्तिजापूर ओलांडून जातील, असा तिचा लौकिक. तिच्या नवऱ्यांचे ब्लाऊज, म्हणजे तिच्याकडे सजायला येणाऱ्या नवऱ्या मुलींचे, दहा वर्षं शकुनच शिवत होती. दहा वर्षांत तिनं रईसाबीसमोर गॉगल काढला नव्हता. आज काढला.

रईसाबीनं हनुवटी धरून तिचा चेहरा उजेडाकडे वळवला. बराच वेळ पाहिलं.

"बस? एवढंच?" ती म्हणाली. "मले वाटलं एक डोया काचेचा आहे. दहा साल झाले मी त्या काचेच्या डोयाले घाबरून राहिली, अन् निघालं हे! अवो, पापण्या तं डब्बीत भेटतात."

आणि तिनं कपाटातून डब्या काढून टेबलावर मांडल्या. पहिली सोनेरी अक्षरांची.

"हे घे. मिंक. सगळ्यात महाग. नवरी पापणी उचलते तं नवरदेव दोन पावलं मागं जाते."

"मिंक म्हंजे काय, आपा?"

"मुंगसावानी जनावर राह्यते थंड मुलखात. त्याचा केस."

शकुननं हात मागे घेतला. आईबरोबरच तिनं पंथाचा उपदेश घेतला होता. जीव मारायचा नाही आणि मारलेल्या जिवाचं काही अंगावर मिरवायचं नाही, हे तिच्या घरात कुंकवापेक्षा जुनं होतं. तांदूळ निवडताना टोका किडा निघाला तर ती त्याला चिमटीत धरून अंगणात सोडून यायची.

"मारत नाईत म्हंतात," रईसाबी म्हणाली. "भादरून घेतात. मेंढीवानी."

"मुंगूस भादरू देते का?"

रईसाबीनं विचार केला. तिनं आयुष्यात मुंगसं पाहिली होती.

"नाई देत," ती म्हणाली आणि डबी मिटली. "हे घे मंग. रेशमाच्या."

"किडे उकळतात, आपा."

"बरं. ह्या माणसाच्या केसाच्या. यात तं कोनतं जनावर नाई."

"कोण्या बाईचे? तिनं राजीखुशीनं देल्ले का?"

"या अल्ला! आता तिचा पत्ता काढून तिले इचाराले जाऊ का मी?" रईसाबीनं चौथी डबी आपटली. तिच्यावर उडी मारणारा ससा छापला होता आणि बाजूला हिरवं पान. "हे पाह्य, पोरी माहेनूरले मागून घेतात, शहरातून शिकून आलेल्या. शुद्ध. कोन्या जनावराले तकलीफ नाई."

माहेनूर म्हणजे रईसाबीची भाची, पार्लरचा माल मागवायची ती.

"ससा काहून छापला?"

"म्हंजे सशाले धक्का लावला नाई."

"अन् बाकीच्याइले?"

रईसाबी सशाकडे बघत राहिली. ससा कितीही छापता येतो, छापखान्याला शाई लागते, ससा लागत नाही, हे दोघींच्याही एकदमच लक्षात आलं. पाचवी डबी उरली होती. धूळ बसलेली, तिच्यावर काहीच छापलेलं नव्हतं. रस्त्यावरच्या हातगाडीवरून कधीतरी घेतलेली.

"एक सांग," रईसाबी हळू आवाजात म्हणाली, "केसाचं एवढं पाह्यतं, अन् त्या बाबूले ऑपरेशन झालं म्हणून सांगतलं, ते?"

"ते वेगळं आहे."

"कसं वेगळं?"

शकुननं गॉगल चढवला. "ते माहं मी पाहीन."

रईसाबीनं पुढे ताणलं नाही. तिनं पाचही डब्या पिशवीत टाकल्या. "धामणगावले जा. रेल्वे धामणगाव. नत्थुजीले भेट. माहे अब्बा रहमतुल्ला ज्या जिनिंगात होते तथीचे ते ग्रेडर. कोन्ता धागा कशाचा, हे जगात एकच माणूस सांगू शकते, अन् तो अजून जित्ता आहे. मांग तं होता."

नत्थुजींच्या बोटांबद्दल जे सांगतात त्यातलं निम्मं सोडून द्या. उरलेलं निम्मं असं, की गाडीतून कापसाची एक चिमूट घ्यायची, दोन अंगठ्यांमध्ये ओढायची आणि सांगायचं: काळी जमीन, विहिरीचं पाणी, तिसरी वेचणी, आणि वेचणाऱ्या बाईचं त्या दिवशी नवऱ्याशी भांडण झालेलं. गाडीवाला चकित होऊन म्हणायचा, भांडण खरं आहे. बाजारात कापूस तपासायचं मशीन आलं तेव्हापासून नत्थुजींकडे चिमूट घेऊन कोणी यायचं नाही. ते तरीही रोज सकाळी अंघोळ करून ओसरीवर बसत, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. पॅसेंजरमधून उतरून शकुन विचारत विचारत पोचली तेव्हा ते तसेच बसले होते.

"काकाजी, धागा तपासाचा आहे."

म्हाताऱ्याची पाठ सरळ झाली. "आन."

त्यांनी तिला पापण्या कशासाठी हव्यात हे विचारलं नाही. ग्रेडरनं माल बघावा, मालक बघू नये, ही त्यांची जुनी रीत. फक्त कोणत्याही जिवाचं नको, एवढं तिनं सांगितलं. त्यांनी पितळी ताटली मागवली, काडेपेटी मागवली आणि एकेक केस उपटून जाळायला सुरुवात केली.

"हे जनावर," सोनेरी डबीतला केस कुरकुरत आखडला आणि ओसरीभर करपलेल्या केसांचा वास पसरला. "हे रेशीम. तेही जनावरच, फक्त लहान." माणसाचा केस त्यांनी जाळलाच नाही, नुसता बोटांत फिरवला. "ह्या बाईले ताप होता," ते म्हणाले आणि बाजूला ठेवला.

मग सशाची डबी. पहिला केस वितळून मण्यासारखा गोळा झाला. "प्लास्टिक. चांगलं." दुसरा जाळला. कुरकुरला, आणि वास आला. नत्थुजींनी तिसरा घेतला, चौथा घेतला. एक वितळे, एक करपे.

"भेसळ," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, उलट जुना ओळखीचा माणूस भेटल्यासारखा आनंद होता. "वरून कोरडा, आतून ओला. गाडी भराची पद्धत तेच आहे, माय. फक्त गाडी लहान झाली."

शेवटी बिनछापाची धुळकट डबी. तिच्यातला केस वितळला. दुसरा वितळला. तिसराही. नत्थुजी खुलले, अकरा वर्षांनी त्यांना कोणी माल दाखवला होता. दोन्ही टोकांकडून तपासल्याशिवाय ग्रेडर सही करत नाही म्हणून त्यांनी दुसऱ्या डोळ्याचीही पापणी उचलली. काडी घसरली, आणि भप्प! पापण्यांची ती जोडी होळीतल्या शेणाच्या चाकोल्यांसारखी पेटली. ताटलीत काळा थेंब राहिला.

दोघंही त्या थेंबाकडे बघत राहिले.

"शुद्ध होती," नत्थुजी म्हणाले.

"तशीच दुसरी डबी घेऊ का, काकाजी? त्याच गाडीवरून?"

"एका गाठीवरून दुसरीची हमी देता येत नाई. जे मी तपासतो ते जळते, अन् जे राह्यते ते तपासलेलं नसते. साठ वर्षं हेच करून राहिलो." त्यांनी ताटली सरकवली. "कापूस चालीन का तुले? कापूस तं झाडाचा."

शकुनचा चेहरा उजळला, आणि लगेच विझला. "औंदा किती फवारलं लोकाइनं! एकेका वावरात सात सात फवारे. अळ्याच अळ्या मेल्या. माणसंही पडली दवाखान्यात."

साठ वर्षं नत्थुजींनी कापसाची लांबी पाहिली, ताकद पाहिली, ओल पाहिली. हे बघायचं त्यांच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मग ते उठले आणि काठी टेकत घरामागे गेले. विहिरीच्या कडेला देवकापसाचं झाड होतं, माणसाच्या डोक्यावर गेलेलं, वर्षानुवर्षं उभं. त्यांच्या बायकोनं, रुख्मिणीनं, दिव्याच्या वातींसाठी लावलेलं.

"याले कधी औषध दाखवलं नाई. ती मारू देत नव्हती. म्हने, अळीचा वाटा अळीले, उरते ते वातीले." त्यांनी फांदी खाली ओढली. निम्म्या बोंडांना भोकं होती. त्यांनी शाबूत अशी सात बोंडं शोधून तोडली, आणि एकातला धागा अंगठ्यांत ओढला. पुष्कळ वेळ ओढून धरला. "ती गेल्यावर वाती कोनी वयल्या नाई. मीही तोडला नाई. लांब आहे धागा. चांगला आहे."

चहा झाला. शकुन निघाली तर म्हणाले, आणखी अर्धा कप घे. अर्धा झाल्यावर म्हणाले, गाडी नेहमी लेट राह्यते. ती गाडी गेली. पुढच्या गाडीपर्यंत ते तिला कापूस सांगत बसले आणि ती ऐकत बसली. दोघांनाही कुठे जायची घाई नव्हती, हे दोघांनीही एकमेकांना सांगितलं नाही.

घरी आल्यावर शकुननं कामाला हात घातला आणि अडचणींनीही. पापण्या ओवायच्या तो दोरा मशीनचा होता, म्हणजे फवारलेल्या कापसाचा. मग शाळेत शिकलेली टकळी माळ्यावरून काढून तिनं देवकापसाचाच दोरा कातला. काळं करायला एरंडेलाच्या दिव्यावर काजळी धरायची. पण रात्री दिव्यावर पाखरं येऊन पडतात, म्हणून तिनं भर दुपारी, दार लावून, वर काचेची चिमणी ठेवून काजळी धरली. कडक करायला आणि चिकटवायला बाभळीचा डिंक. तोही खोडाला घाव न घालता आपणहून पाझरलेला हवा, आणि त्यात मुंगी अडकलेली नको. अर्धं बार्शीटाकळी शिवार हिंडून तिला सुपारीएवढा डिंक मिळाला. एका डोळ्याला नव्वद केस, एकेक पिळून, डिंकात बुडवून, ताणून वाळवून, गाठ मारून. मग कोमट सळईवर वळण. चार दिवस लागले. त्या चार दिवसांत तिनं मशीन रिकामं चालवलं नाही.

शनिवारी ती रईसाबीकडे गेली. रईसाबीनं पापण्या हातावर घेऊन फुंकर मारली. हलक्या होत्या, पण उडाल्या नाहीत. तिनं त्या लावल्या आणि आरसा पुढे केला. शकुननं बघितलं. एकोणीस वर्षांची पोरगी काही दिसली नाही. एक्केचाळीस वर्षांची बाई दिसली, जिला तिनं याआधी कधीच पाहिलं नव्हतं. ती त्या बाईकडे बघत राहिली आणि त्या बाईनंही नजर काढून घेतली नाही.

"आता त्याले काई सांगू नको," रईसाबी म्हणाली. "मरद डोये पाह्यते, पापण्या मोजत नाई."

रविवारी एकच्या बसनं रामराव आले. पिशवीत सहा संत्री आणि अमरावतीहून आणलेली डोळ्यांच्या थेंबांची नवी बाटली. दारात उभे राहून त्यांनी "दंडवत प्रणाम" म्हटलं आणि मान वर केली. बसमध्ये त्यांनी काहीतरी बोलायचं ठरवलं असावं. ते त्यांना आठवेना.

"छान आहेत डोळे," ते म्हणाले.

जेवण झालं. वांग्याची भाजी त्यांनी दोनदा घेतली. शाळेतल्या घंटेची गोष्ट सांगितली, ती चोरीला गेली तेव्हा तीन दिवस शाळाच सुटली नव्हती. शकुन हसली आणि हसताना त्यांच्याकडे सरळ बघितलं, आणि रामराव कॅलेंडरकडे वळले नाहीत. त्यांनी बाटली पुढे केली. "ही जरा महागाची आहे, पण डॉक्टर म्हणाले, ऑपरेशननंतर हीच बरी."

शकुननं बाटली घेतली. तिच्या हातात ती फार जड झाली.

"ऑपरेशन झालं नव्हतं," ती म्हणाली.

शकुननं बाटली खाली ठेवली.

"मले पापण्याच नाईत. चाई लागली होती, बावीस वर्षं झाले. ह्या लावलेल्या आहेत."

रामराव पंथाचे पक्के. त्यांनी पहिला प्रश्न तोच विचारला. "केस कशाचा आहे?"

मग शकुननं सगळं सांगितलं. मुंगूस सांगितलं, ससा सांगितला, नत्थुजींनी पेटवलेली जोडी सांगितली, काचेची चिमणी आणि बिनमुंगीचा डिंक सांगितला. बोलताना तिचे हात चालत होते. रामराव दोन ठिकाणी हसलेही. "एवढं सगळं केलं!" ते म्हणाले. मग त्यांनी खाली ठेवलेल्या बाटलीकडे बघितलं.

"मी दर गुरुवारी विचारत होतो, थेंब टाकले का."

"टाकत होती मी."

"कशाचे?"

"गुलाबपाण्याचे."

यावर ते हसले नाहीत. "आमची ही आजारी होती तेव्हा तीन वर्षं मला सांगत राहिली, बरं आहे, बरं वाटतंय. रोज विचारायचो, रोज तेच. मी शाळेत निघून जायचो. शेवटी डॉक्टरनं मला बाहेर बोलावलं तेव्हा कळलं." त्यांनी रुमालाला हात पुसले. "पापण्यांचं काही नाही हो. पापण्या कशाच्याही असोत. पण मी विचारीन आणि तुम्ही सांगाल, आणि मी प्रत्येक वेळी तुमच्या तोंडाकडे बघत बसेन, खरं का म्हणून. मला ते आता जमणार नाही."

"आता नाई बोलणार मी खोटं."

"माहीत आहे मला," रामराव म्हणाले. "तुम्ही नाही बोलणार. पण मी बघत बसेन."

ते उठले. मग घड्याळाकडे बघून परत बसले. अकोल्याची बस सव्वाचारला होती आणि आत्ता कुठे तीन वाजले होते. बस स्टँडवर पत्रे तापलेले, सावली कुठेच नाही. नकार देऊन झाल्यावर माणसानं कुठे बसावं याची काही रीत कोणी घालून दिलेली नाही. शकुननं संत्री सोलून ताटलीत ठेवली. त्यांनी एक फोड खाल्ली. पंख्याखाली दोघं समोरासमोर बसली. तिला वाटलं, हा तास संपू नये. आणि तो संपावा असंही वाटलं.

"बघू का एक?" पावणेचारच्या सुमाराला रामराव म्हणाले.

शकुननं डाव्या डोळ्याची पापणी काढली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. एकेक केस बघितला, गाठी बघितल्या. मग तिच्याकडे बघितलं: एक डोळा पापणीचा, एक उघडा.

"हा डोळाही काही वाईट नाही," ते उघड्या डोळ्याला म्हणाले. खुशामत करायचं आता काही कारण उरलं नव्हतं, त्यामुळे शकुनला ते खरं वाटलं.

तेवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. त्या रस्त्यावर बस वेळेआधी कधीच आली नव्हती. त्या दिवशी वीस मिनिटं आधी आली. रामराव पिशवी उचलून धावले. दारातून वळून "कळवतो," म्हणाले, कारण स्थळ बघून जाताना लोक दुसरं काही म्हणतच नाहीत. धुरळ्यात बस हलली तेव्हा शकुनच्या लक्षात आलं, की त्यांची उजवी मूठ मिटलेलीच होती.

गुरुवारी सात वाजले, साडेसात वाजले. फोन वाजला नाही. पापणी त्यांच्याकडेच आहे, या एका गोष्टीवर शकुननं चार दिवस काढले होते. ठेवून घेतली असेल, तिला वाटायचं. कपाटात, कागदात गुंडाळून. ज्या माणसानं तुमची पापणी ठेवून घेतली तो पुरता गेला असं म्हणता येत नाही.

शनिवारी पोस्टमन आला. पाकिटावर शाळेतल्या लिपिकाचं वळणदार अक्षर. आत वहीचा कागद आठ घड्या घातलेला, त्याच्या पोटात पापणी, आणि कागदावर दोन ओळी: "आपली वस्तू चुकून माझ्याबरोबर आली. ती परत पाठवीत आहे. दंडवत प्रणाम." शकुननं कागद उलटून बघितला. मागे काही नव्हतं. दुसऱ्याचं काही जवळ ठेवू नये, हे तिच्या घरात शिकवलं होतं तसंच त्यांच्याही घरात शिकवलं असणार. चांगला माणूस होता.

पापणी प्रवासात चपटी झाली होती. शकुननं दिव्यावर सळई धरली, वळण दिलं. पहिल्यासारखं आलं नाही. उजवी आणि डावी आता एकसारख्या दिसणार नाहीत, हे तिला कळलं. तरी तिनं दोन्ही लावल्या, दार उघडलं आणि मशीनवर बसली. बारशाच्या कार्यक्रमाचे चार ब्लाऊज होते. ते संध्याकाळपर्यंत पुरले.